पिट्युटरीच्या ऑपरेशनमध्ये डाय देऊन नजर परत येईल का ते आधीच कळतं का?

सायंतारा:
आईला पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीची) गाठ निघालीये, २.८ सेंटिमीटर. आधी सहा-सात महिने आम्ही चष्म्याचाच नंबर समजत होतो, दोनदा काचा बदलल्या, मग एक दिवस सुईत दोरा ओवताना ती म्हणाली की सुईचं टोक दिसतंय पण त्याच्या मागचा माझाच हात दिसत नाहीये. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. फील्ड टेस्टमध्ये दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू काळी आलीये. प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढलेलं नाहीये त्यामुळे गोळ्यांनी गाठ लहान होईल अशातली नाही, नाकातून दुर्बिणीने काढणार आहेत.

सर्जन म्हणाले की ऑपरेशन चालू असताना आयसीजी नावाचा डाय (चमकणारा रंग) शिरेतून देऊ आणि डोळ्याच्या नसेला रक्त कसं पोचतंय ते बघू, त्यावरून नजर किती सुधारेल याचा अंदाज येतो. हे खरंच कळतं का? आणि नस चमकलीच नाही तर काय समजायचं? डायचा त्रास होतो का? प्लीज कोणाला माहीत असेल तर सांगा, झोप लागत नाहीये.

कवडसा_७:
न्यूरोसर्जरीत रेसिडेंट आहे, अशा केसेसना उभा राहिलोय म्हणून लिहितो.

गाठ वर वाढली की दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात तो कायाझम खालून उचलला जातो, ताणला जातो. नसेवर दाब येतोच, पण तिला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्याही चेपतात. त्या सुपीरियर हायपोफिजियल आर्टरीच्या फांद्या असतात आणि गाठ सोडवताना सर्जनचा जीव त्यांच्यातच अडकलेला असतो, कारण त्यातली एखादी गेली तर गाठ पूर्ण निघूनही नजर जाऊ शकते.

आयसीजी म्हणजे हिरवी पावडर, पाण्यात विरघळवून शिरेतून देतात, रक्तातल्या प्रथिनांना चिकटते आणि इन्फ्रारेडच्या जवळच्या प्रकाशात चमकते. साध्या डोळ्याला ती चमक दिसत नाही, वेगळा एंडोस्कोप लागतो. दिल्यावर थोड्याच वेळात स्क्रीनवर आधी मोठ्या धमन्या उजळतात, मग त्या बारीक फांद्या, मग कायाझमवर हळूहळू उजेड पसरतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी श्वास रोखून उभा होतो, खरंच.

गाठ काढल्यावर नस नीट उजळली तर रक्त पोचतंय, म्हणजे सुधारायला जागा आहे. मंद राहिली किंवा उशिरा उजळली तर काळजी वाटते, पण तो शेवटचा निकाल नाही, नस ताणलेली असते, दाब निघाल्यावर रक्तप्रवाह नंतरही सुधारू शकतो. ज्यांनी यावर अभ्यास केलेत त्यांचे पेशंट थोडे होते, त्यामुळे अंदाज म्हणायचं, खात्री नाही. माझ्या मते डायचा मोठा फायदा भविष्य सांगण्यात नाही, कुठली फांदी वाचवायची ते त्याच क्षणी दिसतं यात आहे.

त्रास म्हणाल तर फार क्वचित. त्यात आयोडीन असतं, त्यामुळे ॲलर्जीचा काहीही इतिहास असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, लिव्हरचा आजार असेल तर तेही, कारण तो लिव्हरवाटेच बाहेर जातो. रक्तातलं प्रमाण ३-४ मिनिटांत निम्मं होतं, म्हणून गरज पडली तर परत देता येतो.

झुळूक:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डाय ऑपरेशनच्या वेळचं सांगतो पण आधीच कळणारी एक गोष्ट आहे, ओसीटी स्कॅन केलाय का? डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नसेच्या तंतूंचा थर असतो, त्याची जाडी त्यात मोजतात. थर बऱ्यापैकी शाबूत असेल तर नजर परत यायची आशा चांगली, खूप पातळ झाला असेल तर तेवढे तंतू गेलेत आणि रक्तपुरवठा कितीही छान दिसला तरी मेलेला तंतू परत उगवत नाही. म्हणून दोन्ही एकत्र बघायचं. नसेल केला तर ऑपरेशनच्या आधी करून घ्याच, नंतर तुलना करायलाही तोच लागेल.

ओली_माती:
मी स्वतः यातून गेलेय. मला डाय वगैरे नव्हता दिला पण नजरेचं सांगते. शुद्धीवर आले तेव्हा नर्स उजवीकडून आली आणि ती आधी *दिसली*, त्याआधी माणसं माझ्यासाठी एकदम हवेतूनच उगवायची. पण सगळं लगेच नाही आलं, थोडं पहिल्याच दिवसांत, मग तीन-चार महिने हळूहळू, डावीकडचा एक कोपरा अजूनही धूसर आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नुसत्या दाबाने अडकलेली नस पटकन चालू होते, वरचं आवरण खराब झालेलं असेल तर ते भरायला महिने जातात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, नाक अजिबात शिंकरू द्यायचं नाही, आणि ऑपरेशननंतर नजर अचानक *कमी* झाली तर सकाळची वाट न बघता तेव्हाच सांगायचं, आत रक्त साठलेलं असू शकतं. लघवी खूप व्हायला लागली, सारखी तहान लागली तरी सांगा.

सायंतारा:
तिघांनाही मनापासून धन्यवाद, कवडसा दादा तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं, तिने तो उजेड पसरतोवाला भाग परत वाचायला लावला. फाईल काढून बघितली, फील्ड टेस्ट आहे, एमआरआय आहे, ओसीटी नाहीये. उद्या सकाळी तोच आधी करून घेते. आणि तिला लहानपणी कुठल्यातरी इंजेक्शनने अंगावर पित्त उठलं होतं, कशाचं ते आठवत नाहीये पण तेही भूलतज्ज्ञांना सांगते.