स्टँडअप पाऊण तास चालतो, हे अजाइल की हजेरी?

घणसोलीची_टेस्टर
ऐरोलीच्या एका आयटी पार्कात आहे. काम अजाइल पद्धतीने, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करायचं आणि ग्राहकाला दाखवत पुढे जायचं. अकरा जणांची टीम, दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा. दहाचा स्टँडअप, म्हणजे रोजची उभ्याउभ्याची छोटी मीटिंग, पावणेअकराला सुटतो. प्रत्येक जण मॅनेजरकडे बघून बोलतो, बाकीचे मोबाइलमध्ये. स्टोरी पॉइंट हा काम किती मोठं याचा अंदाजी आकडा; पण एक पॉइंट म्हणजे चार तास असं एक्सेलमध्ये ठरलंय, मग काय, तीनाच्या कामाला सगळे पाच सांगतात! कोड माझ्याकडे येतो बुधवारी संध्याकाळी आणि डेमो शुक्रवारी. गुरुवारी मी किती वाजता घरी पोचते ते विचारू नका.

तरी एक कबूल करते. तळोज्याच्या गोदामासाठी ॲप करतोय. दुसऱ्याच डेमोला तिथले स्टोअरकीपर काका म्हणाले, "हातात मोजे असतात हो, एवढंसं बटण दाबायचं कसं?" हे सहा महिन्यांनी कळलं असतं तर सगळे स्क्रीन नव्याने करावे लागले असते. मग बाकीचा तमाशा कशाला?

वागळे_इस्टेट
स्क्रम ही अजाइलची एक पद्धत. तिच्या नियमपुस्तिकेत, स्क्रम गाइडमध्ये, डेली स्क्रम (तुमचा स्टँडअप) १५ मिनिटांचा आहे, तोही डेव्हलपरांनी आपलं दिवसाचं काम ठरवायला. 'काल काय केलं' वगैरे तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीत काढलेत. स्टोरी पॉइंट तर त्यात नाहीतच.
तुमच्या गुरुवारवर उपाय: कामांच्या बोर्डावर टेस्टिंगच्या खान्यात तीनच कार्डं, एक कार्ड म्हणजे एक काम. चौथं आणणाऱ्याने आधी तुमच्यासोबत टेस्टिंगला बसायचं. कानबान या, हातातली कामं मोजकी ठेवायच्या पद्धतीची युक्ती आहे, आमच्याकडे चालली.

बेलापूरकर७२
गाइड ठीक आहे हो, पण करार? २००१ साली अमेरिकेतल्या यूटात १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यात कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकासोबतच्या कामाला जास्त किंमत दिलीय. आमच्या टेंडरात रक्कम, तारीख, कामांची यादी, सगळं आधीच शिक्का मारून. स्टोअरकीपरने बटण मोठं मागितलं की आम्ही चेंज रिक्वेस्टचा फॉर्म पुढे करतो. शिवाय जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये न्यायचा असेल तर त्या रात्रीचं वेळापत्रक महिनाभर आधी कागदावरच लागतं. तिथे 'पुढच्या स्प्रिंटला बघू' म्हणून बघा!

घणसोलीची_टेस्टर
तीन कार्डांचं लगेच केलं. बुधवारी एक डेव्हलपर तोंड वाकडं करून शेजारी बसला आणि स्वतःचेच दोन बग सापडल्यावर गप्प झाला. स्टँडअपही १२ मिनिटांत उरकतोय.
मॅनेजर रजेवर आहेत. सोमवारी येतायत.