इंग्लंडमधल्या खेड्यातला पब: तुमचा अनुभव सांगा

लंडनबद्दल सगळेच लिहितात. मला ऐकायचंय ते खेड्यातल्या पबबद्दल. पहिल्यांदा दार ढकलून आत गेलात तेव्हा काय दिसलं, कोण भेटलं? पिणारे, न पिणारे, सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

आई-बाबा आले होते तेव्हाची गोष्ट. कॉट्सवोल्ड्समध्ये फिरताना पावसानं गाठलं. समोर मधाच्या रंगाच्या दगडाचा बुटका पब, 'रॉयल ओक'. आई दाराशीच थबकली, "अगं, गुत्त्यात कशाला नेतेस?" आत तुळया इतक्या खाली की बाबांनी मान वाकवली. शेकोटीपुढे एक ओला कुत्रा पसरलेला, कोपऱ्यात एक आजी शब्दकोडं सोडवतायत, शेजारी एक पोरगं चिप्स खातंय. आई पदर सावरून बसली. दहा मिनिटं झाली तरी विचारायला कुणी येईना. शेवटी बाजूच्या आजोबांनी हळूच सांगितलं, इथे आपणच काउंटरवर जाऊन मागायचं, पैसेही तिथेच द्यायचे. आईला लाइम-सोडा आणला, बाबांना हाफ पिंट बिअर. मग त्या आजोबांनी दारावरच्या पाटीची गोष्ट सांगितली. १६५१ साली वुस्टरची लढाई हरल्यावर राजा दुसरा चार्ल्स ओकच्या झाडात लपला होता, त्यावरून हे नाव. बाबा इतिहासाचे शिक्षक, ते कसले उठतायत! निघताना आई म्हणाली, "हा तर गावचा पार आहे गं. फक्त वर छप्पर घातलंय."

*

पार म्हणालात ते अगदी पटलं. मी इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रियात तीन वर्षं होतो. तिथे हेस्केट न्यूमार्केट गावात 'ओल्ड क्राउन' नावाचा पब आहे. २००३ साली गावकऱ्यांनी शेअर घेऊन सहकारी तत्त्वावर तो विकत घेतला. ब्रिटनमधल्या अशा सुरुवातीच्या पबांपैकी हा एक. मी वारणेकाठचा, सभासद, भागभांडवल हे शब्द ऐकतच वाढलेला. तिथल्या एकाला आमच्या साखर कारखान्यांबद्दल सांगितलं, तर त्यानं खुर्ची जवळ ओढली. उसाला भाव कोण ठरवतं इथपासून सगळं विचारलं. त्या रात्री मला घरची आठवण आली, पण बरं वाटेल अशी.

*

एक सूचना: जेवायला जाणार असाल तर आधी फोन करा. आम्ही चार मैल चालून पावणेतीनला पोचलो, तर स्वयंपाकघर अडीचलाच बंद झालेलं. पोरं रडकुंडीला आली.

*

'तिथली बिअर कोमट असते' हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय म्हणून लिहितो. कोमट नसते, तळघराइतकी गार असते, साधारण ११ ते १३ अंश. पिंपात ती अजून मुरतच असते आणि वरून गॅस न भरता हातपंपानं ओढून काढतात. लाकडी मुठीचा तो लांब दांडा सावकाश खाली येतो आणि पेल्यात आधी सगळं दुधाळ दिसतं. मग तळापासून वर निवळत जातं. घाई करू नका, ते बघत उभे राहा. फ्रिजमधल्या थंडीत चव मरते.

*

यॉर्कशायरच्या माळावरचं 'टॅन हिल इन', ५२८ मीटर, ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा पब. पेनाइन वे या लांब पायवाटेवर एकटी चालत होते, धुक्यात वाट दिसेना, बोटं बधिर झालेली. दार उघडलं आणि एका बाईंनी काही न विचारता शेकोटीजवळची खुर्ची रिकामी करून दिली. नोव्हेंबर २०२१च्या हिमवादळात इथेच साठेक माणसं तीन रात्री अडकून पडली होती. ती बातमी वाचली तेव्हा मला ती खुर्ची आठवली.

*

आमच्या गावातला बंद झाला. मुलगा झाल्याचे पेढे मी तिथे काउंटरवर वाटले होते. पाटी उतरवलीय, लोखंडी दांडा भिंतीत तसाच आहे.