एनके पेशी वाढल्या म्हणून घाबरू नका

वर एका ताईंनी लिहिलंय की एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आहे, रक्तात एनके म्हणजे 'नॅचरल किलर' या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या आणि आता दिवस राहावेत म्हणून त्या पेशी दाबायला इंट्रालिपिडचं (स्निग्ध पदार्थाचं) सलाईन सुचवलंय. ताई, थोडं थांबा.

'नॅचरल किलर' हे नावच धडकी भरवणारं. पण गर्भाशयाच्या अस्तरातल्या या पेशी रक्तातल्यांपेक्षा वेगळ्या: मारक कमी, मदतनीस जास्त. गरोदरपणाच्या सुरुवातीला तिथल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे 70 टक्के याच असतात आणि वारेकडे जाणाऱ्या नागमोडी धमन्या रुंद व्हायला हातभार लावतात. रक्ताच्या रिपोर्टवरून आत काय चाललंय ते कळत नाही.

एंडोमेट्रिओसिसमध्ये तर पोटाच्या पोकळीतल्या एनके पेशी उलट मंदावलेल्या आढळतात. पाळीचं रक्त गर्भाशयाच्या नळ्यांतून पोटात बहुतेक बायकांच्या जातं, आजार मात्र साधारण दहातल्या एकीला होतो. भरकटलेलं अस्तर साफ न होणं हे त्यामागचं एक कारण मानतात. मग या पेशी आणखी दाबायच्या कशाला, हे डॉक्टरांना जरूर विचारा. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या 'एश्रे' संस्थेनेही 2023 मध्ये ही रक्तचाचणी आणि इंट्रालिपिड, दोन्हींची शिफारस केलेली नाही.

एएमएच (अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्तचाचणी), नळ्यांची तपासणी, यजमानांची वीर्यतपासणी हे सगळं झालंय ना?