मदत हवी आहे : व्हॅली ऑफ फ्लॉवर्स (उत्तराखंड), सोबत साठीपुढचे आई-वडील

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये परभणीहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, पुढे हरिद्वार, जोशीमठ, गोविंदघाट असं ठरतंय. पुलनापर्यंत जीप, तिथून घांगरिया या मुक्कामाच्या गावापर्यंत खेचर मिळतं. पण व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान, तिथे खेचरांना बंदी आणि आत मुक्कामही करता येत नाही, म्हणजे त्याच दिवशी चालत परत. वडिलांचे गुडघे उतारावर धरतात. पाठीवरच्या टोपलीत बसवून नेणारे कंडीवाले सकाळी ऐनवेळी मिळतात की आदल्या संध्याकाळीच ठरवावे लागतात? ओल्या, शेवाळलेल्या दगडांवरून उतरताना कंडी बरी की दोन काठ्या घेऊन सावकाश चाललेलं बरं? घांगरियाहूनच जातात ते हेमकुंड साहिब (शिखांचं तीर्थस्थान) ४,००० मीटरच्या वर, म्हणून त्यांच्यासाठी वगळलंय. दरडी कोसळून रस्ता अडतो, त्यासाठी परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवलेत. पुरतील का?