फर्नेस पेटते आणि पाच सेकंदांत विझते

प्रश्न: घर गरम करणारी गॅस फर्नेस आहे. छोटा पंखा फिरतो, इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) तापून लाल होतो, बर्नर पेटतात आणि ४-५ सेकंदांत विझतात. तीनदा असं झालं की सगळं बंद. फिल्टर नवा आहे, गॅसचा वास नाही. घरच्या घरी काय तपासावं?

उत्तर १: वास नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही असं समजू नका, त्याला वासच नसतो. त्याचा अलार्म घरात हवाच. तो वाजला किंवा गॅसचा वास आला, तर कुठलंही बटण न दाबता सगळे बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा.

तुमची लक्षणं फ्लेम सेन्सरची, म्हणजे ज्योत लागली का ते ओळखणाऱ्या धातूच्या सळीची वाटतात. ज्योतीतून त्या सळीवर काही मायक्रोअँप प्रवाह वाहतो. सळीवर पुटं चढली की तो घटतो, फर्नेस चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डाला ज्योत 'दिसत' नाही आणि तो गॅस तोडतो. ब्रेकर आणि गॅसचा कॉक दोन्ही बंद करा. सेन्सर बहुधा एकाच स्क्रूवर, इग्नायटरच्या विरुद्ध टोकाच्या बर्नरपाशी असतो. सळी बारीक स्टील वूलने हलकेच पुसा, भरड पॉलिश पेपर नको. चिनी मातीचा भाग तडकला असेल तर सेन्सर बदला. इग्नायटरला बोट लावू नका, तो फार ठिसूळ असतो.

उत्तर २: ब्रेकर पाडण्याआधी बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून ठेवा, तो बिघाडाचा कोड असतो. वीज गेली की बऱ्याच बोर्डांवरचा कोड पुसला जातो. अर्थ दाराच्या आतल्या तक्त्यात मिळेल. सेन्सर साफ करूनही विझत असेल तर अर्थिंगची वायर आणि फेज-न्यूट्रलची अदलाबदल तपासून घ्या. त्यानेही हाच घोळ होतो.

प्रश्नकर्ता: सेन्सर पुसला, आता ज्योत टिकते. पण दहा मिनिटांनी बर्नर बंद होतात, घरात गरम हवा ढकलणारा मोठा ब्लोअर मात्र चालूच राहतो.

उत्तर १: मग आतली उष्णता वाढून लिमिट स्विच (फार तापलं की बर्नर बंद करणारा सुरक्षा स्विच) गॅस तोडतोय, म्हणजे हवा कमी पडतेय. नवा फिल्टर फार दाट विणीचा असेल तर साधा लावून बघा, खोल्यांतल्या हवेच्या झाकलेल्या जाळ्या मोकळ्या करा. स्विचला जंपर (जोडतार) लावून तो टाळायचा मात्र अजिबात नाही. त्याच्याशिवाय हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा कप्पा) तापून तडकू शकतो.

उत्तर २: आणि मोठा ब्लोअर सुरू होताच ज्योत हलली, पिवळी पडली, किंवा रोलआउट स्विच (ज्योत बर्नरबाहेर आली की गॅस तोडणारा) उडाला, तर रीसेट न करता फर्नेस बंदच ठेवा. हीट एक्स्चेंजरला चीर असू शकते, धुराडं तुंबलेलं असू शकतं. तिथून पुढचं काम तंत्रज्ञाचं.