३,३५,५०,३३६ ही संख्या नेमकी कोणकोणत्या प्रकारांत मोडते?

प्रश्न: ही पाचवी परिपूर्ण संख्या (स्वतःला वगळून उरलेल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या) असल्याचे वाचले. सगळे विभाजक लिहून त्यांची बेरीज न करता याची खात्री कशी करावी? शिवाय ती हर्षद संख्याही आहे का?

पहिले उत्तर: तिचे अवयव ४०९६ × ८१९१ असे पडतात. ४०९६ हा २ चा १२ वा घात असून ८१९१ ही मूळ संख्या आहे (९० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे). १ ते ४०९६ या दोनाच्या घातांची बेरीज ८१९१ येते. तिला १ + ८१९१, म्हणजे ८१९२ ने गुणले की सर्व २६ विभाजकांची बेरीज ६,७१,००,६७२ मिळते, जी दिलेल्या संख्येच्या बरोबर दुप्पट आहे; म्हणजे ती संख्या स्वतः वगळली की उरलेल्या विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच राहते.

दुसरे उत्तर: १ ते ८१९१ या संख्यांची बेरीजही हीच असल्याने ती त्रिकोणी आहे, आणि षट्कोणीसुद्धा (म्हणजे क × (२क − १) या रूपाची; येथे क = ४०९६). मला मात्र सर्वांत देखणा वाटतो तो हा गुणधर्म, की १ पासून १२७ पर्यंतच्या ६४ विषम संख्यांच्या घनांची बेरीज नेमकी एवढीच भरते. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत तेरा एक आणि त्यांपुढे बारा शून्ये!

तिसरे उत्तर: हर्षद नाही. देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या व्याख्येनुसार हर्षद संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जायला हवा. येथे ती बेरीज २८ आहे, जी गंमत म्हणजे स्वतःच परिपूर्ण आहे. परंतु अवयवांत ७ नसल्याने भाग जात नाही.

प्रश्नकर्ता: आभार. सातचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता.