विषय: आठ महिन्यांचं लेकरू, लातूरचं लग्न आणि गोवर

मंडळी, नमस्कार.
पुतणीच्या लग्नाला लातूरला निघतोय. बाळ आठ महिन्यांचं. इथे पहिला डोस वर्षानंतर देतात. सासूबाई म्हणतात, गल्लीत दोन लेकरांना गोवर निघालाय, येऊच नका. काय करू?
– लातूरची सून, डॅलस

सूनबाई,
लग्नाला जा, पण आधी लस. परदेशी निघालेल्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळालाही एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) देतात, निघायच्या किमान दोन आठवडे आधी. हा डोस जादाचा. पुढचे दोन्ही वेळेवर घ्यायचेच. आणि एकट्या लातूरला नावं ठेवू नका. २०२५ मध्ये तुमच्या टेक्सासातल्या साथीत ७६२ जणांना गोवर झाला, दोन लेकरं दगावली.

अंबाजोगाईला शिकत होतो तेव्हा आया लेकरू आणायच्या ते चार दिवस उपाशी. 'गोवर पुरता बाहेर पडू दे' म्हणून दवाखाना लांबवलेला, घरात फोडणी बंद, उशाला कडुलिंबाचा पाला. पाल्याशी माझं भांडण नाही. दूध तोडण्याशी आहे. या विषाणूवर औषध नाही; लेकरू तरतं ते अंगावरच्या दुधावर, ओआरएसवर आणि जीवनसत्त्व 'अ'वर. ते लागोपाठ दोन दिवस देतात: वर्षापुढच्याला दर वेळी २ लाख युनिट, ६ ते ११ महिन्यांच्याला १ लाख. डोळे वाचतात, जीवही वाचतो. पण डॉक्टरच्याच हातून, जास्त झालं तर बाधतं. अँटिबायोटिक फक्त न्यूमोनिया, कान फुटणं असं काही झालं तर. धाप लागली, झटका आला, लेकरू मलूल पडलं, तर पाहुणे टाकून दवाखाना गाठा.

पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून उठल्यावर चार दिवसांपर्यंत गोवर पसरतो. त्या दोन घरांचं हळदीकुंकू यंदा राहू द्या.
– डॉक्टरकाका, मुक्काम अंबाजोगाई

काका, माझा जन्म १९८१ चा, नांदेडचा. लसीचा कागद नाही. आई म्हणते, 'तुला काहीतरी निघालं होतं.'
– ह्यूस्टनवाला

'काहीतरी' हे निदान नव्हे. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात गोवराची लस आली १९८५ ला, दुसरा डोस २०१० ला. २८ दिवसांच्या अंतराने दोन घेऊन टाका. पूर्वी घेतली असली तरी बिघडत नाही.
– काका

काका, लस देऊन नऊ दिवस झाले. आज थोडा ताप, पाठीवर दोन-चार पुरळ. नर्स म्हणाली, लसीनं होतं असं, घाबरू नका. सासूबाईंनी मात्र लातूरहून फोन करून आमची फोडणी बंद केलीय.
– सून